मिणमिणीचं माहेर

"नानम्मा, दीपम् मिणुकु-मिणुकु मंटोंदि!"

दिवाळीच्या पाडव्याची संध्याकाळ होती. हैदराबादेतल्या नल्लकुंट्यात आम्ही भाड्यानं राहतो, त्या घराच्या मागच्या अंगणात घरमालकीण अम्मा तुळशीपुढे दिवा लावून आत गेल्या होत्या. त्यांची सात वर्षांची नात पायरीवर बसून दिव्याकडे बघत होती. वाऱ्याची झुळूक आली, ज्योत आडवी झाली, बारीक झाली, आणि पोरीनं आत आजीला हाक मारून ही बातमी दिली. मी दोरीवरचे कपडे काढत होते. हातातला टॉवेल हातातच राहिला.

मिणुकु-मिणुकु?

हैदराबादेत येऊन मला आठ महिने झालेत. माझं तेलुगू भाजीच्या हिशेबापुरतं. पण या वाक्याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही, तो आपोआप कळला. दिवा मिणमिणतोय! साताऱ्याच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून माझी आजी नेमकं हेच म्हणायची, "अगं, दिवा मिणमिणतोय, तेल घाल." तेच म, तोच ण, तीच पुनरुक्ती, तीच तेल संपत आल्याची वेळ. साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवरच्या, दुसरी भाषा बोलणाऱ्या अंगणात एक चिमुरडी माझ्या आजीचं वाक्य बोलत होती!

अम्मा तेलाची वाटी घेऊन बाहेर आल्या. मी त्यांना तिथंच गाठलं. "अम्मा, मिणुकु-मिणुकु मतलब?" अम्मांनी दिव्यात तेल ओतलं, काडीनं वात पुढे सारली आणि आपल्या हैदराबादी हिंदीत सांगितलं, "दिया थोड़ा-थोड़ा जलता ना, अब बुझता क्या की लगता, उसको बोलते. आसमान में तारे रहते ना, उनको भी बोलते."

त्या रात्री मी आईला फोन केला. आई म्हणाली, "त्यात काय, दिवा मिणमिणतोच की." मी म्हटलं, "आई, तो तेलुगूतही मिणमिणतो गं!" पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग आई म्हणाली, "खरंच?" त्या 'खरंच'नं मला पुढचे पंधरा दिवस पुरेल एवढं इंधन दिलं.

आधी आपला शब्द नीट हातात घेऊन बघू. मराठीत बारीक उजेडासाठी किती शब्द आहेत! पहाटे झुंजूमुंजू होतं, कौलातून कवडसा पडतो, दाराच्या फटीतून तिरीप येते, चांदण्या लुकलुकतात, रोषणाई झगमगते, तलवार लखलखते. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. लुकलुक म्हणजे आता आहे, आता नाही. मिणमिण तशी नाही. मिणमिणता दिवा सतत जळत असतो, फक्त त्याचा उजेड पुरत नाही. खोलीतला अंधार त्याच्यानं हटत नाही, तरी तो विझलेलाही नसतो. आडगावच्या एसटी स्टँडवरचा एकुलता एक पिवळा बल्ब मिणमिणतो. काच न पुसलेला कंदील मिणमिणतो. आपण आशासुद्धा मिणमिणती म्हणतो. आणि तेलुगूतही विझत आलेल्या आशेला आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या प्राणाला 'मिणुकु-मिणुकु'च म्हणतात! म्हणजे नुसता ध्वनी सारखा असण्यावर हे थांबत नाही, त्या ध्वनीला चिकटलेली माया आणि धाकधूकही सारखीच आहे.

आता खरा प्रश्न. शाळेत आपल्याला असे शब्द 'अनुकरणवाचक' म्हणून शिकवतात. कडकड, खळखळ, गुणगुण, छुमछुम. वीज कडाडते तेव्हा तसा आवाज होतो, पाणी खळखळतं तेव्हा तसा आवाज होतो, म्हणून तसा शब्द. पटतं. पण दिव्याचा आवाज कुठे येतो? ज्योत बारीक होताना काही ऐकू येत नाही. मग मिणमिण नेमकं कशाचं अनुकरण करते? इतकी वर्षं मी हा शब्द वापरला आणि हा साधा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला आणि माझी झोपच उडाली.

रविवारी सकाळी आबिड्स गाठलं. रविवारी तिथली दुकानं बंद असतात आणि बंद शटरांपुढच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. इंजिनिअरिंगची गाईडं, उर्दू कादंबऱ्या, पाठीचा कणा मोडलेले विश्वकोश. दोन तास वाकून वाकून पाठ भरून आली, आणि मग एका ढिगाच्या तळाशी तो दिसला, चार्ल्स फिलिप ब्राउनचा तेलुगू-इंग्रजी कोश, पुनर्मुद्रित प्रत. मूळ कोश 1852चा, मद्रासचा. कंपनी सरकारच्या या अधिकाऱ्यानं कडप्प्याला राहून तेलुगूच्या हस्तलिखितांना जणू दुसरा जन्म दिला. आपल्याकडे जेम्स मोल्सवर्थनं 1831मध्ये आणि वाढवून 1857मध्ये मराठीचा कोश दिला, त्याच काळातला हा त्याचा तेलुगू भाऊ. मी फुटपाथवरच मांडी घातली आणि 'मि' काढलं. मिणुकु, मंद लकाकी. आणि त्याच्या शेजारी मिणुगुरु. ठिणगी. आणि काजवा!

काजवा! तेलुगूत काजव्याला 'मिणुगुरु पुरुगु' म्हणतात. पुरुगु म्हणजे किडा, म्हणजे अक्षरशः 'मिणमिणकिडा'. 2014मध्ये 'मिणुगुरुलु' नावाचा तेलुगू चित्रपट आला होता, 'काजवे'. तो आहे वसतिगृहात राहणाऱ्या अंध मुलांवर. ज्यांच्या डोळ्यांना उजेड नाही त्यांना उजेडाच्या किड्याचं नाव! हे कळल्यावर मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी एकच प्रश्न सगळ्यांना विचारत सुटले, "तुमच्याकडे काजव्याला काय म्हणतात?" कलबुर्गीचा सहकारी म्हणाला, "मिणुकु हुळ." हुळ म्हणजे किडाच. चेन्नईची मैत्रीण म्हणाली, "मिन्मिनि." आणि आमच्या मजल्यावरची केरळची मुलगी डब्यातून मान वर करून म्हणाली, "मिन्नामिनुंग!" मिणुगुरु, मिणुकु, मिन्मिनि, मिन्नामिनुंग. चार भाषांत चार काजवे, आणि चौघांच्या पोटात एकच उजेड. माझा डबा तसाच राहिला.

ही चार नावं योगायोगानं सारखी नाहीत. थॉमस बरो आणि मरे एमेनो या दोघांनी 1961मध्ये द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश काढला, 1984मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. द्राविडी शब्दांची घराणी त्यात एकेका नोंदीखाली एकत्र बसवलेली आहेत. आता शिकागो विद्यापीठाच्या कृपेनं मोल्सवर्थ, ब्राउन आणि हा बरो-एमेनो, तिन्ही कोश घरबसल्या बघता येतात. मी रात्री एक वाजता 'मिन्'चं घराणं उघडलं. मिन् म्हणजे चमकणं, लकाकणं, झळकणं. आणि मग घराणं उलगडतच गेलं. तमिळमध्ये मिन् म्हणजे वीज, आकाशातली. त्याच शब्दावरून तमिळ माणसानं तारेतल्या विजेला नाव दिलं, मिन्सारम्. ईमेलला नाव दिलं, मिन्नंजल्. मल्याळममध्ये वीज म्हणजे मिन्नल. 2021च्या 'मिन्नल मुरली' या चित्रपटामुळे हा शब्द आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी बसलेला आहे, फक्त तो आपल्या मिणमिणीचा नातलग आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. कानडीत वीज म्हणजे मिंचु, आणि ईमेल म्हणजे मिंचंचे, विजेची अंचे, म्हणजे टपाल. कानडीतच 'मिनुगु' म्हणजे चमचमणं. कन्नड चित्रपटसृष्टीतली थोर अभिनेत्री कल्पना 'मिनुगुतारे' म्हणूनच ओळखली जाते, लुकलुकणारी तारका.

म्हणजे बघा, एकाच धातूच्या एका टोकाला आभाळ फाडणारी वीज आहे आणि दुसऱ्या टोकाला तेल संपत आलेला देव्हाऱ्यातला दिवा. इतका मोठा आवाका असलेल्या घराण्यातली सगळ्यात लहान, सगळ्यात हळवी लेक आपल्याकडे आली आहे!

आणि आकाश इथं संपत नाही. तमिळमध्ये ताऱ्याला विण्मीन् म्हणतात, आभाळातला मीन. मीन म्हणजे मासा. आपली मीन रास ज्या संस्कृत मीन शब्दानं बनली, तो शब्द संस्कृतात द्राविडी भाषांतून आला असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि चमकणाऱ्या 'मिन्'शी त्याचं नातं जोडणारेही आहेत, कारण पाण्यात मासा चमकतो तसा आभाळात तारा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे फादर हेन्री हेरास यांनी सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरचं माशाचं चिन्ह 'मीन' असं वाचून दाखवलं, आणि पुढे फिनलंडच्या आस्को पार्पोला यांनी ती वाट तारे-ग्रहांपर्यंत नेली. सिंधू लिपी अजून उलगडलेली नाही, त्यामुळे हे तर्कच आहेत. पण धोबी तलावाजवळच्या एका कॉलेजात बसून कुणी चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मुद्रेवर चमकणारा मासा बघत होतं, या कल्पनेनंच माझ्या अंगावर काटा आला.

आता तो ण. या सगळ्यात मला सर्वांत जास्त भुरळ त्यानं घातली आहे. तमिळ आणि मल्याळम 'मिन्'मधला न साधा आहे. कानडी आणि तेलुगूत मात्र न बरोबर णही येतो, मिनुकु आणि मिणुकु, दोन्ही रूपं. आणि आपल्या मिणमिणीत ठसठशीत ण! उत्तरेकडे पाहा, हिंदीत बारीक दिवा टिमटिमतो. तिथं म नंतर ण नाहीच. आपला ण कर्नाटक-तेलंगणाच्या शेजारातला आहे, सीमेवरच्या गावांतला, आठवडी बाजारातला, लग्न होऊन इकडून तिकडे गेलेल्या लेकीबाळींच्या तोंडातला. शब्दाच्या अंगावर त्याच्या गावाची माती लागलेली असते, ती इथं ण होऊन दिसते.

आणि मग आमच्या कलबुर्गीच्या सहकाऱ्यानं मला आणखी एक धक्का दिला. मी त्याला दिवाळीच्या पणतीचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "हणते." मी म्हटलं, "काय?" तो म्हणाला, "याला कानडीत हणते म्हणतात." जुन्या कानडीत शब्दाच्या सुरुवातीला येणारा प पुढे ह झाला, हे त्या भाषेचं सर्वांना माहीत असलेलं वळण. तमिळमधलं पाल् म्हणजे दूध, कानडीत ते हालु. तमिळमधला पुलि म्हणजे वाघ, कानडीत हुलि. पू म्हणजे फूल, कानडीत हूवु. त्याच वाटेनं हणते मागे न्या. पणते. पणती! मिणमिण तर शेजारची निघालीच, पण ती जिच्यात मिणमिणते ती मातीची पणतीसुद्धा शेजारच्या हणतेची सख्खी निघाली.

त्या दिवसापासून मी घरातल्या प्रत्येक उजेडाला त्याचं गाव विचारते आहे. दिवा संस्कृत दीपकातून प्राकृतात 'दीवअ' होऊन आपल्या घरी आला. सांज संध्येतून आली. अंधुक हा शब्द अंध या शब्दातून आला, म्हणजे आंधळा उजेड, आणि तेलुगूतही मंद दिव्याला 'गुड्डि दीपम्' म्हणतात. गुड्डि म्हणजे आंधळा! मशाल अरबीतून आली. कंदीलही अरबी किंदीलातून आला, आणि त्याच्यामागे उभी आहे लॅटिनमधली कँडेला, मेणबत्ती. तुळशीपुढच्या, देव्हाऱ्यातल्या, ओसरीवरच्या उजेडात संस्कृत आहे, प्राकृत आहे, कानडी आहे, तेलुगू आहे, अरबी आहे, लॅटिन आहे. आपण दिवेलागणीला एक काडी ओढतो आणि केवढं जग उजळतं!

मी हे सगळं भराभर सांगतेय, पण दुसरी बाजूही आहे, आणि तीही तितकीच सुंदर आहे. संस्कृतात 'मिन्मिन' असा शब्द आहे. सुश्रुतसंहितेत वाणीच्या विकारांमध्ये मूक, मिन्मिन आणि गद्गद अशी नावं येतात; मिन्मिन म्हणजे नाकात, अस्पष्ट बोलणारा. हिंदीत मिनमिनाना म्हणजे तसंच पुटपुटणं. बंगालीत बारीक दिवा 'मिटमिट' करतो. म्हणजे बारीक आवाज आणि बारीक उजेड या दोघांनाही कुणीतरी 'मि' दिला आहे. असं का व्हावं?

याचं एक उत्तर आपल्या तोंडातच आहे. 'मि' म्हणून बघा. ओठ मिटतात, मग जीभ वर चढते आणि तोंडातली पोकळी अगदी अरुंद होते. आता 'मा' म्हणा, तोंड मोठं उघडतं. 1929मध्ये एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञानं लोकांना दोन बनावट शब्द दिले, मिल आणि माल. दोन्ही म्हणजे टेबल, एक मोठं, एक लहान, कुठलं कुठलं? बहुतेकांनी मोठ्या टेबलाला माल म्हटलं आणि लहानाला मिल. आपण लहान मुलांशी बोलताना चिमणी, चिमुकली, पिटुकली, इवलीशी म्हणतो, त्या सगळ्या शब्दांत हाच इ बसलेला आहे. उजेडाचा आवाज नसला तरी उजेडाचा आकार असतो, आणि तो आकार आपण तोंडानं करून दाखवतो. मिणमिण आवाजाची नक्कल करत नाही, ती लहानपणाची नक्कल करते. माझ्या झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं हे उत्तर मिळालं तेव्हा मी आरशापुढे उभी राहून दहादा 'मिणमिण' म्हटलं.

आणि अशी जोडशब्दांची खाण संस्कृतकुळातल्या आणि द्राविडी भाषांनी मिळून खणली आहे. एमेनो यांनी 1956मध्ये 'भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे' अशी मांडणी केली, आणि 1969मध्ये खास या ध्वनिचित्रं काढणाऱ्या शब्दांवर निबंध लिहिला. कुळं वेगळी असली तरी हजारो वर्षं शेजारी राहिल्यानं भाषा एकमेकींसारख्या वागायला लागतात, आणि हे दुहेरी शब्द त्याचा फार मोठा पुरावा आहेत, असं त्यांनी दाखवलं. हे एमेनो कॅनडात जन्मले, पण आपल्या वर्धा भागातल्या कोलाम लोकांकडे बसून त्यांची कोलामी भाषा शिकले; 1955मध्ये त्यांचं कोलामीवरचं पुस्तक आलं. महाराष्ट्राच्या पोटात, यवतमाळ-वर्ध्याच्या गावांत, एक द्राविडी भाषा आजही घराघरांत बोलली जाते. दक्षिण आपल्यापासून दूर कधीच नव्हती. आपण तूप वाढतो, अडकित्त्यानं सुपारी कातरतो, मोठ्या बहिणीला अक्का आणि मोठ्या भावाला अण्णा म्हणतो, तेव्हा आपल्या तोंडी दक्षिणेचेच शब्द असतात.

तेव्हा माझ्या मनानं कौल दिला आहे. 'मि'चा लहानपणा सगळ्यांचा, पण आपल्या मिणमिणीतला तो ण, तेलुगू-कानडीतली तिची सख्खी जोडीदारीण आणि तिच्यामागे उभं असलेलं 'मिन्'चं भलंमोठं घराणं मला एकाच दिशेला बोट दाखवतं. मिणमिणीचं माहेर गोदावरीच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यात आहे, जिथं आपण आणि ते एकाच नदीचं पाणी पितो.

आणि हे मला हैदराबादेतच कळावं, यात मला मोठा अर्थ वाटतो. 1956च्या 1 नोव्हेंबरपर्यंत या शहराच्या राज्यात तेलंगणा होता, मराठवाड्याचे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे होते आणि कानडी मुलूखही होता. निजामाच्या राज्यातल्या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडी अक्षरं छापलेली असत. एकाच नोटेवर चार लिप्या! इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, विवेक वर्धिनीसारखी मराठी माणसांनी 1907मध्ये काढलेली शाळा आहे, आणि रस्त्यावरची दखनी बोली मराठी 'नको'चा 'नक्को' करून रोज वापरते. इथल्या रिक्षावाल्यानं मला पहिल्याच दिवशी "नक्को अम्मा" म्हटलं तेव्हा मी माझ्या गावी असल्यासारखी हसले होते. आणि याच शहरात भद्रिराजु कृष्णमूर्तींनी आयुष्य घालवलं. 1928मध्ये ओंगोलला जन्मलेला हा माणूस 1962मध्ये उस्मानिया विद्यापीठात भाषाशास्त्राचा विभाग उभा करतो, 1986 ते 1993 हैदराबाद विद्यापीठाचा कुलगुरू असतो, आणि 2003मध्ये सगळ्या द्राविडी भाषांचं एकत्रित चित्र देणारा ग्रंथ लिहितो. त्याआधी तो शेतकऱ्यांच्या आणि विणकरांच्या बोलीतले शब्द गावोगाव गोळा करवून व्यवसायांचे तेलुगू कोश काढतो. नांगराच्या आणि मागाच्या भागांची नावं इतक्या प्रेमानं वेचणाऱ्या माणसाचं हे शहर. इथं शब्दाच्या मागे लागल्याशिवाय कसं राहवेल?

आणि आता सगळ्यात शेवटी मला सापडलेली, मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट.

आपल्या काजव्याचं नाव मी शोधत होते. दक्षिणेतले चारही काजवे मिणमिणीचे, मग आपला कुणाचा? आपला काजवा संस्कृत खद्योतापासून आला. ख म्हणजे आकाश, द्योत म्हणजे प्रकाश. खद्योत, आकाशातला उजेड. प्राकृतात तो खज्जोअ झाला, आणि मराठीत येता येता काजवा. म्हणजे काजव्याचं नाव उत्तरेकडून आलं, आणि त्याची मिणमिण दक्षिणेकडून! पावसाच्या आधी, मे संपताना आणि जूनच्या सुरुवातीला, भंडारदऱ्याच्या आणि पुरुषवाडीच्या रानात हिरड्या-बेहड्याची, सादड्याची, जांभळीची झाडंच्या झाडं काजव्यांनी भरून जातात. शेकडो माणसं अंधारात उभी राहून ते बघतात. तिथं कुणी आपल्या लेकराला हळूच म्हणत असेल, "बघ, काजवे कसे मिणमिणतायत." चार शब्दांचं साधं वाक्य, त्यात सगळा देश उत्तर-दक्षिण गाठीनं बांधलेला. मराठी म्हणजे काय, असं मला आता कुणी विचारलं तर मी हे वाक्य सांगेन.

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली. आपल्याकडे दीपमाळा पेटतात, इथं तेलुगू बायका तुळशीपुढे 365 वातींचा जुडगा पेटवतात, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक वात. ज्या दिवशी दिवा लावायचा राहिला असेल त्या दिवसाचीही भरपाई होते. अम्मांनी मला बोलावलं. तुपात भिजवलेला तो वातींचा जुडगा मोठ्या मातीच्या पणतीत होता. मी तिला मनातल्या मनात हणते म्हटलं. अम्मांनी काडी लावली आणि भसकन मोठी ज्योत वर आली, तुळशीची पानं, अम्मांची नाकातली चमकी, पोरीचे डोळे, सगळं पिवळंधमक झालं. पोर टाळ्या वाजवत होती. मी वाट बघत होते.

बऱ्याच वेळानं ज्योत खाली आली. जुडग्याच्या काळ्या गोळ्यावर एक निळसर टोक उरलं, मग तेही बारीक झालं. तुपाचा वास आणि गार वारा. पोर गुडघ्यांवर वाकली, माझ्याकडे बघितलं आणि कुजबुजली, "मिणुकु-मिणुकु." मी तिच्या शेजारी वाकले आणि म्हटलं, "मिणमिण." तिनं एकदा ते मनात घोळवलं, मग बोट दिव्याकडे करून आजीला तेलुगूत सांगितलं, की या आंटीच्या घरचा दिवापण आपल्यासारखाच बोलतो.

अम्मांनी मान हलवली आणि वाटीतलं तेल पुन्हा ओतलं.